फुटक्या कांचेची किंमत

कांचेचें भांडें फुटलें म्हणजे त्याची किंमत संपली, असें आपण सामान्यतः मानतों. मातीचें मडकें फुटलें तर त्याच्या खापऱ्या कुंडीच्या तळाशीं घालतां येतात. तांब्या-पितळेचें भांडें फुटलें तर मोडीच्या भावानें विकलें जातें. पण फुटकी कांच उचलतांना घरांतील मोठीं माणसें मुलांना दूर लोटतात, आणि ती कागदांत गुंडाळून टाकून देतात. ह्याच समजुतीनें मी पन्नाशी ओलांडली. गेल्या वर्षीं मात्र एका घरगुती कामाच्या निमित्तानें फुटक्या कांचेची किंमत ठरविण्याच्या खटपटींत मला पडावें लागलें, आणि त्या खटपटींत कांचेविषयीं जितकें कळलें त्याहून थोडें अधिक मला स्वतःविषयीं कळलें. तेंच येथें सांगावयाचें आहे.

माझी एक वृद्ध आत्या गिरगांवांतील एका चाळींत दोन खोल्यांत राहत असे. ती अविवाहित होती. परिचारिकेच्या कामांत तिनें आपला सारा जन्म काढला. शेवटचीं तीन वर्षें ती अंथरुणाला खिळून होती. त्या काळांत शेजारच्या वाडींतील एक बाई दिवसांतून दोन वेळां येऊन तिचें सर्व कांहीं करीत असे, आणि तें ज्या मायेनें करीत असे, ती पगारांत मोजतां येण्यासारखी नव्हती. ह्या बाईच्या मुलीला परिचर्येच्या शिक्षणासाठीं प्रवेश मिळाला होता; पण फीच्या पहिल्या हप्त्याला पांच हजार रुपये कमी पडत होते. आत्यानें मला जवळ बोलावून म्हटलें, "माझ्या कपाटांतली कांच विक, आणि जे पैसे येतील ते त्या पोरीच्या फीला दे. आमच्या मेट्रनबाई विलायतेला परत जातांना ती मला देऊन गेल्या होत्या. चांगली किंमत येईल." त्यानंतर आठ दिवसांतच ती गेली.

कपाट उघडून पाहिलें तेव्हां त्यांत पुढील वस्तु निघाल्या: पायावर उभें असलेलें एक मोठें फळांचें भांडें, झांकण हरवलेली एक साखरदाणी, एक फुलदाणी, चार पेले, आणि पिवळ्या रंगाचें एक लहानसें पसरट भांडें, ज्याचा कांठ दुधासारखा पांढरा होत गेला होता. सगळ्यांवर नक्षी होती, आणि ऊन पडतांच ती लखलखे. मीं मनांत ठरवून टाकलें कीं ही पैलू पाडलेली उंची बिलोरी कांच आहे, आणि हिचे वीस-पंचवीस हजार तरी सहज येतील. जिन्नस जुना आणि विलायती असला म्हणजे तो मौल्यवान असलाच पाहिजे, हा आपला एक आवडता भ्रम आहे.

सर्व भांडीं जुन्या लुगड्यांत गुंडाळून मी चोरबाजारांतील मटण स्ट्रीटवर एका दुकानांत घेऊन गेलों. दुकानदार वृद्ध होते. सर्वजण त्यांना चाचा म्हणत, म्हणून मीहि तसेंच म्हणालों. त्यांनीं एकेक वस्तु हातांत घेतली, पण डोळ्यांनीं पाहण्याच्या आधीं कांठावरून बोट फिरविलें. मग ते म्हणाले, "मास्तरसाहेब, ही पैलूची कांच नव्हे, ही दाबाची कांच आहे. चाकावर कापलेल्या पैलूची धार बोटाला टोचते. ही पाहा, सगळीकडे गोलसर लागते. आणि ही शिवण पाहा." फळांच्या भांड्याच्या बाहेरच्या अंगाला वरपासून खालपर्यंत गेलेल्या तीन बारीक रेषा त्यांनीं मला दाखविल्या. लोखंडी सांचा तीन फाळक्यांचा होता, त्या फाळक्यांच्या जोडाच्या त्या खुणा होत्या.

त्या दिवशीं व नंतरच्या दोन-तीन भेटींत चाचांकडून जें ऐकलें आणि मग पुस्तकांतून जें वाचलें, त्यावरून ह्या कांचेचा इतिहास मला थोडाबहुत कळला. दाबाची कांच ही मुख्यतः अमेरिकेची करामत होय. १८२५ च्या सुमारास तेथें यंत्रानें कांच दाबण्याच्या युक्त्यांचीं पेटंटें निघूं लागलीं, आणि मॅसॅच्युसेट्समधील सँडविच गांवीं त्याच सालीं जो कारखाना निघाला तो ह्या धंद्यांत पुढें फार प्रसिद्ध झाला. कृति सांगावयास सोपी आहे. वितळलेल्या कांचेचा गोळा लोखंडी सांच्यांत सोडावयाचा, कात्रीनें तोडावयाचा, आणि दांडा ओढून वरून दट्ट्या दाबावयाचा. बाहेरच्या अंगावर सांच्याची नक्षी उमटते, आंतलें अंग दट्ट्यासारखें गुळगुळीत राहतें. गोळा लहान पडला तर कांठ अपुरा राहतो. सांचा थंड असला तर कांचेवर सुरकुत्या पडतात. त्या सुरकुत्या दिसूं नयेत म्हणून आरंभींच्या काळांत सगळी पार्श्वभूमि बारीक ठिपक्यांनीं भरून टाकीत, व त्यामुळें तीं भांडीं लेस विणल्यासारखीं दिसत. पुढें १८६४ सालीं व्हीलिंग येथील एका कारखान्यांत विल्यम लेटन ह्यानें शिशाऐवजीं सोडा व चुना वापरून स्वच्छ कांच करण्याची स्वस्त रीत बसविली, आणि श्रीमंताच्या मेजावरची शोभा गरिबाच्याहि घरीं गेली. शिशाची कांच बोटानें टिचकी मारली असतां घंटेसारखी नाद देते. सोड्याची कांच ठक् म्हणून गप्प बसते. आमच्या मेट्रनबाईंच्या भांड्यांपैकीं एकहि नादलें नाहीं.

इंग्लंडांत हा धंदा विशेषतः टाइन नदीच्या कांठीं गेट्सहेड गांवीं भरभराटला. तेथील सोअर्बी ह्या कारखान्याची खूण मोराचें डोकें ही होती. डेव्हिडसन ह्या दुसऱ्या कारखान्यानें १८८९ मध्यें एक नवी कांच काढली. ती निळी किंवा पिवळी असे, आणि तिचा कांठ दाबून झाल्यावर पुन्हा भट्टीच्या आंचेंत धरला कीं तो दुधाळ होई. चाचांनीं आमचें पिवळें भांडें उलटें करून बुडाशीं असलेला नोंदणीचा आंकडा दाखविला. इंग्लंडांत १८४२ पासून १८८३ पर्यंत नक्षीची नोंद चौकोनी हिऱ्याच्या आकृतीनें दाखवीत, आणि १८८४ पासून आंकड्यानें. त्यामुळें आंकडा असलेलें भांडें त्याच्या आधींचें असूं शकत नाहीं. आंकडा नक्षीची नोंद केव्हां झाली तें सांगतो; तें विशिष्ट भांडें केव्हां दाबलें तें सांगत नाहीं, हेंहि त्यांनीं बजाविलें. मग त्यांनीं खिशांतून एक लहानशी जांभळ्या उजेडाची बॅटरी काढली व दुकानाचा पडदा ओढला. पिवळें भांडें एकदम हिरवेंगार होऊन पेटल्यासारखें दिसूं लागलें. त्या रंगांत युरेनियम आहे, म्हणून असें होतें. मी हरखून गेलों, पण ते म्हणाले, "उजेडानें भाळूं नका. अशी कांच आजहि करतात. चमकण्यानें जातीचा पत्ता लागतो, वयाचा लागत नाहीं."

मीं विचारलें, "आपल्याकडे असलें काम होत नसे काय?" त्यांनीं आंतून नारिंगी झांक मारणारा एक पेला आणला. त्याच्या बुडाशीं 'जैन' हीं अक्षरें होतीं. फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सचा तो माल. परदेशांतील संग्राहक तो आज आवडीनें घेतात. तळेगांवचा पैसा फंडाचा कांचकारखाना १९०८ मध्यें निघाला, आणि ओगलेवाडीचा १९१६ मध्यें, हें मी वर्गांत शिकवीत आलों आहें; पण आजोळीं टांगलेल्या प्रभाकर कंदिलाची कांच मीं कधीं अशी हातांत घेऊन पाहिली नव्हती, ह्याची मला त्या वेळीं खंत वाटली.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. जुन्या कांचेंत जें जें व्यंग दिसतें तें सगळें मोडतोड नव्हे. शिवण, सुरकुती, आंतला बुडबुडा, कात्रीचा वळ, ह्या जन्माच्या खुणा होत. त्यांनीं किंमत फारशी उतरत नाहीं. उलट भांडें खरें असल्याची ती एक साक्ष असते. फळांच्या भांड्याच्या पोटांत मला जी रेघ दिसली होती आणि जिच्यामुळें मी मनांतून घाबरलों होतों, ती थंड सांच्याची सुरकुती निघाली. ओळखावयाची रीत अशी: भांडें दिव्यासमोर धरून हळूहळू फिरवावें. सुरकुती पृष्ठभागावर असते व नखाला लागते. तडा आंतून जातो, आणि एका विशिष्ट कोनांत आला कीं आरशासारखा चमकतो. चार पेल्यांपैकीं एक असा चमकला.

जन्मानंतरच्या जखमांत पहिला टवका. तो कोठें आहे ह्यावर सगळें अवलंबून असतें. पायाच्या खालच्या कडेला, मेजावर ठेवलें असतां न दिसणारा टवका असला तर गिऱ्हाईक थोडी सूट मागून घेतें. कांठावरचा टवका असला तर किंमत निम्म्यावर किंवा त्याहून खालीं येते, कारण हात, ओठ व नजर हीं प्रथम कांठाकडेच जातात. दुसरा तडा. टवका आहे तेवढाच राहतो, तडा मात्र वाढतो. आज बोटभर असलेला तडा ऊन पाण्यानें उद्यां बुडापर्यंत जाईल. म्हणून तडा गेलेल्या साध्या भांड्याला कोणी कांहीं देत नाहीं. तिसरा, कांचेचा आजार. फुलदाणींत वर्षानुवर्षें पाणी राहिलें म्हणजे कांचेंतील क्षार निघून जातो व आंतून पांढुरकें धुकें धरतें. तें धुऊन जात नाहीं. कांहीं लबाड विक्रेते तेलाचा हात फिरवून तें झांकतात. तेल उडालें कीं तें पुन्हा दिसूं लागतें. आमच्या फुलदाणीला नेमका हाच आजार होता. चौथी उणीव म्हणजे हरवलेलें अंग. झांकण नसलेली साखरदाणी आणि सहांतले उरलेले तीन पेले हीं अपुऱ्या वाक्यासारखीं असतात. अर्थ लागतो, पण कोणी तीं उचलून घरीं नेत नाहीं.

ह्या सगळ्याच्या मुळाशीं एक साधें कारण आहे. दाबाची कांच एकाच सांच्यांतून हजारोंनीं निघालेली असते. म्हणून ज्याला ती हवी असते तो टवका उडालेली घेण्याऐवजीं शाबूत मिळेपर्यंत थांबतो. ज्या नक्षीचीं भांडीं फार थोडीं उरलीं आहेत, तेवढ्यांच्याच बाबतींत तो टवक्याकडे काणाडोळा करतो. वय हें किंमतीचें कारण नव्हे. दुर्मिळपणा आणि घेणाराची ओढ हीं दोन कारणें होत.

ह्या न्यायानें चाचांनीं हिशेब केला. फळांचें भांडें आठशें, तीन पेले मिळून साडेचारशें, साखरदाणी दोनशें, फुलदाणी दीडशें, तडा गेलेला पेला शून्य. पिवळें भांडें शाबूत असतें तर तीन हजारांच्या पुढें गेलें असतें. पण त्याच्या कांठाला हरभऱ्याच्या डाळीएवढा टवका होता, म्हणून बाराशें. मीं म्हटलें, "कांठ घांसून सारखा करून घेतला तर?" त्यांनीं मान हलविली. "हा पांढरा कांठ आंचेनें आला आहे, रंगानें नव्हे. घांसला कीं पांढरेपणा त्या जागीं पातळ होईल, नक्षीचें टोंक जाईल, आणि धार सपाट होईल. जाणतें माणूस बोट लावतांच म्हणेल, हें घांसलेलें आहे. टवका हा अपघात आहे, मास्तरसाहेब; घांसणें ही लबाडी ठरते. टवका दाखवून विकला तर तो भांड्याचा. लपवून विकला तर तो विकणाराचा."

बाकीचीं भांडीं मीं त्यांनाच देऊन सोळाशें रुपये घेतले. पिवळें भांडें मात्र परत आणलें. एका सहकाऱ्यानें वांद्र्याच्या एका वृद्ध बाईंचें नांव सुचविलें होतें. त्यांना असल्या कांचेचा नाद होता. एका संध्याकाळीं मी त्यांच्याकडे गेलों. वाटेंत माझ्या मनांत एक विचार घोळत होता, आणि तो मला त्या वेळीं अतिशय उदात्त वाटत होता. पैसे माझ्यासाठीं नाहींत. ते एका गरीब मुलीच्या शिक्षणासाठीं आहेत. घेणाऱ्या बाई सधन आहेत. शिवाय त्या जाणकार आहेत. पाहून घेणें हें त्यांचें काम आहे. असा युक्तिवाद करीत मीं लुगड्याची घडी उघडली, तेव्हां टवक्याची बाजू माझ्या अंगठ्याखालीं होती. अंगठा तेथें आपोआप गेला, असें मी स्वतःला सांगत होतों.

बाईंना भांडें पाहून फार आनंद झाला. असेंच एक निळें त्यांच्याजवळ होतें, आणि पिवळ्याची त्या कित्येक वर्षें वाट पाहत होत्या. त्यांनीं विचारलें, "सर, कांठ शाबूत आहे ना?" मीं उत्तर दिलें, "बाई, साठ-पासष्ट वर्षें तें कपाटांत बंदच होतें." ह्या वाक्यांत एकहि अक्षर खोटें नव्हतें, आणि तरी मीं आयुष्यांत इतकें खोटें क्वचितच बोललें असेल. त्यांनीं साडेतीन हजार रुपये मोजून दिले. पूर्वींचे सोळाशें धरून पांच हजार शंभर झाले. फीची रक्कम बरोबर भागत होती. जणू काय हा योग मुद्दाम जुळून आला होता.

मी जिना उतरून फाटकापर्यंत आलों. तेथें रिक्षासाठीं थांबलों असतां हिशेब पुन्हा एकदां मनाशीं केला, आणि तेव्हां जें ध्यानांत आलें त्यानें मला शरम वाटली. टवका सांगितला असता तर दोन हजार कमी आले असते. ते दोन हजार माझ्या खिशांत नव्हते काय? होते. त्याच महिन्यांत मीं नवें घड्याळ घेण्याचें ठरविलें होतें, आणि जुनें चांगलें चालत होतें. म्हणजे त्या मुलीची गरज मीं पुढें केली होती खरी, पण वाचवीत होतों तें माझे स्वतःचे दोन हजार. परोपकार करावयाचा, पण त्याचा खर्च न विचारतां दुसऱ्यावर टाकावयाचा, असा तो बेत होता. चाचांना कांठावरचा टवका हातांनीं सांपडत असे. हा मला फाटकापाशीं सांपडला.

मी परत वर गेलों व जें होतें तें सांगितलें. बाई कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं भांडें खिडकीजवळ नेलें व कांठावरून सावकाश बोट फिरविलें. "हो, आहे," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळानें, "माझी नजर आतां पूर्वींसारखी राहिली नाहीं." हें वाक्य मला सर्वांत अधिक लागलें. जाणकार आहेत, पाहून घेतील, असें मी ज्यांच्याविषयीं म्हणत होतों, त्यांना दिसतच नव्हतें. त्यांनीं मला दोष दिला नाहीं कीं शाबासकीहि दिली नाहीं. "टवक्यासकट मी पंधराशें देऊं शकतें," एवढेंच म्हणाल्या. मीं दोन हजार परत केले. निघतांना त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळीं आधीं सांगा, म्हणजे दोघांचाहि जिना वांचेल."

दुसऱ्या दिवशीं बाईच्या हातांत मीं पांच हजार ठेवले. तिनें विचारलें, "एवढे आले कांचेचे?" आदल्या दिवसाचा धडा ताजा होता, म्हणून मीं खरें तें सांगितलें: तीन हजार शंभर कांचेचे, एकोणीसशें माझे. तिनें क्षणभर विचार केला व म्हणाली, "मग कांचेचे ते आक्कांनीं दिलेले, तुमचे ते उसने." तेव्हांपासून ती दर महिन्याला शंभर रुपये आणून देते. पहिल्या वेळीं मीं नको म्हटलें. तिच्या तोंडाकडे पाहिल्यावर घेतले. आतां दर महिन्याला घेतों. मुलगी शिकत आहे.

तडा गेलेला तो चौथा पेला, ज्याची किंमत शून्य ठरली होती, तो माझ्या टेबलावर आहे. त्यांत पाणी घालीत नाहीं, पेन्सिली ठेवतों. सकाळचें ऊन खिडकींतून येतें तेव्हां तो विशिष्ट कोनांत चमकतो. वह्या तपासतांना मधून मधून माझें तिकडे लक्ष जातें. एखाद्या मुलाच्या वागण्यांत कांहीं खटकलें तर ती सांच्याची शिवण आहे कीं नंतर गेलेला तडा आहे, हें उजेडांत फिरवून पाहिल्यावांचून ठरवूं नये, एवढें तरी त्या पेल्यानें मला शिकविलें. आणि स्वतःचा टवका अंगठ्याखालीं ठेवून दुसऱ्याचे टवके मोजूं नयेत, हेंहि.